मुलांना सर्जनशील लेखन शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांबरोबर लेखनाचे तास घ्यायला लागल्यापासून शिक्षक, पालक आणि असे तास नव्याने सुरू करू पाहणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना साधारण आठ ते चौदा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांपाशी सांगण्यासारखं खरोखरच बरंच आहे.

लिहिणं शिकवता येतं का? ते उपजतच असावं लागतं ना?

प्रतिभा शिकवता येत नाही. पण नीट बघायला शिकवता येतं, नेमका शब्द शोधायला शिकवता येतं, आपणच लिहिलेलं पुन्हा वाचून त्यातलं नको ते खोडायला शिकवता येतं. आणि लिहिण्याची भीती तर नक्कीच घालवता येते. मुलांच्या बाबतीत निम्मं काम तेच असतं.

आठ-नऊ वर्षांचं मूल बोलायला लागलं की थांबत नाही. तेच मूल कागद समोर आला की लिहितं, 'मी काल बागेत गेलो. मला खूप मजा आली.' आणि पेन्सिल खाली ठेवतं. सांगायचं होतं ते सगळं तोंडापासून कागदापर्यंत येताना कुठेतरी गळून गेलेलं असतं. ते त्याला परत मिळवून देणं, हेच आपलं शिकवणं.

पण ते परत मिळवायचं कसं? 'खूप मजा आली'च्या पुढे मुलं जातच नाहीत.

विचारून. मात्र 'तुला काय वाटलं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'छान वाटलं' असंच येणार. वस्तू विचारा, जागा विचारा, कोण कुठे उभं होतं ते विचारा.

वर लिहिलेली दोन वाक्यं एका मुलाच्या वहीतली आहेत. त्याच्याशी झालेलं बोलणं असं:

'मजा आली म्हणजे काय झालं?'
'झोक्यावर बसलो.'
'एकटाच?'
'दादा होता. त्याने जोरात झोका दिला.'
'किती जोरात?'
'माझी चप्पल उडाली!'
'मग?'
'झाडात अडकली. काढताच येईना.'
'मग घरी कसे आलात?'
'दादाची एक चप्पल मी घातली. मग थोड्या वेळाने त्याने घातली. मग परत मी.'

मी एवढंच म्हटलं, 'हे तर वहीत नाहीच.' तो जागेवर गेला आणि थोड्या वेळाने वही घेऊन आला. शेवटचं वाक्य होतं, 'घरी येताना आमच्या चार पायांत तीन चपला होत्या.'

'मजा' हा शब्द त्याने स्वतःच खोडला होता. त्याची आता गरज उरली नव्हती, हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. भावांमधलं प्रेम, पडलेला प्रश्न, त्यावर काढलेला तोडगा, सगळं त्या तीन चपलांत आलं होतं. अशा वाक्यासाठी मी कितीही वह्या वाचायला तयार असते.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

गोष्ट सांगता येऊ लागली की. अक्षरं येत नसतील तर मुलाने सांगावं, मोठ्याने लिहून घ्यावं. फक्त लिहून घेताना मुलाचे शब्द बदलू नयेत. 'पाऊस दमला' असं मूल म्हणालं तर 'पाऊस थांबला' असं लिहू नये.

पहिल्या तासाला काय करावं?

व्याख्या सांगू नका. कथेचे घटक, पात्रपरिचय, सुरुवात-मध्य-शेवट, हे सगळं नंतर हवं तेव्हा सांगता येईल. पहिल्या तासाला मुलांना काहीतरी अचानक सुचल्याचा अनुभव मिळायला हवा.

यासाठी मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा खेळ जियानी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाचा आहे. रोदारी शिक्षकही होते आणि पत्रकारही. १९७२ साली त्यांनी रेज्जो एमिलिया या शहरात शिक्षकांशी काही दिवस संवाद साधला आणि त्यातूनच १९७३ साली त्यांचं कल्पनाशक्तीच्या व्याकरणावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की एका शब्दातून गोष्ट निघत नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की मन त्यांच्यात नातं शोधायला धावतं आणि गोष्ट सुरू होते. त्यांचं उदाहरण होतं कुत्रा आणि कपाट.

मराठीत हा खेळ फार रंगतो, कारण आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं हाताशी आहेत. फळ्यावर लिहीत जा: कपाटातला कुत्रा. कपाटावरचा कुत्रा. कुत्र्याचं कपाट. कुत्र्यासाठी कपाट. कपाटामागे कुत्रा. कपाटाला घाबरणारा कुत्रा. प्रत्येक प्रत्ययाबरोबर वेगळी गोष्ट उभी राहते. 'कुत्र्याचं कपाट' म्हटलं की त्यात काय काय असेल यावरून वर्गात गलका होतो. 'कपाटामागे' म्हटलं की सगळे जरा शांत होतात. व्याकरणाच्या तासाला पाठ केलेली विभक्ती अशी कामाला लागलेली बघून मुलांना मजा वाटतेच, मलाही दर वेळी वाटते.

शब्द निवडताना एका मुलाने एक शब्द फळ्याच्या या बाजूला लिहावा, दुसऱ्याने तो न बघता त्या बाजूला. शिक्षकाने शब्द द्यायचे नाहीत. आपण दिलेले शब्द कळत-नकळत एकमेकांना शोभणारेच असतात.

विषय द्यावा की मुलांना हवं ते लिहू द्यावं?

'हवं ते लिहा' हे ऐकायला उदार वाटतं, पण बहुतेक मुलं त्याने गोठून जातात. अट घाला. अट जितकी विचित्र आणि नेमकी, तितकं लिखाण मोकळं होतं. 'माझी आई' या विषयावर साठ वह्यांत एकच निबंध येतो. 'आई फोनवर बोलत असते तेव्हा तिचा दुसरा हात काय करतो?' असं विचारलं की साठ वेगवेगळ्या आया भेटतात.

चालणाऱ्या आणखी काही अटी: एखाद्या वस्तूने केलेली तक्रार, एकही संवाद नसलेलं भांडण, शेवटून सुरुवातीकडे सांगितलेला दिवस, 'खूप', 'छान', 'सुंदर' हे तीन शब्द न वापरता केलेलं वर्णन. ही शेवटची अट सुरुवातीला फार कठीण जाते, पण तिचा उपयोगही तितकाच मोठा.

ज्या मुलाला अट मोडून स्वतःचंच काही लिहायचं आहे, त्याला खुशाल मोडू द्यावी. ती त्याच्यासाठी नव्हतीच.

'मला काही सुचतच नाही' असं म्हणणाऱ्या मुलाचं काय करावं?

माझा अनुभव असा, की काहीच सुचलं नाही असं मूल क्वचित भेटतं. बहुतेकांना काहीतरी सुचलेलं असतं, पण 'हे काय लिहायचं!' असं म्हणून त्यांनी ते मनातच बाद केलेलं असतं. म्हणून मी विचारते, 'सुचलं होतं पण सोडून दिलंस, असं काय होतं?' उत्तर लगेच येतं, बहुतेक वेळा खालच्या आवाजात. आणि ते जवळजवळ नेहमीच लिहिण्यासारखं असतं.

तरीही अडलंच, तर कागदावरून पेन न उचलता पाच मिनिटं लिहायला सांगा. 'सुचत नाही, सुचत नाही' असंच लिहीत राहिलं तरी हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीला हात कंटाळतो आणि दुसरं काहीतरी लिहायला लागतो.

शुद्धलेखनाच्या चुका तपासायच्या की नाही?

तपासायच्या, पण पहिल्या खर्ड्यात नाही. याबाबत मी ठाम आहे.

कारण असं: मूल लिहिताना प्रत्येक शब्दापाशी 'हा ऱ्हस्व की दीर्घ?' असं थांबू लागलं की ते फक्त खात्रीचे शब्द वापरायला लागतं. 'विक्षिप्त' लिहायचं असतं, पण लाल शाईच्या भीतीने 'वेगळा' लिहिलं जातं. 'कुजबुजली'ऐवजी 'बोलली' येतं. वही स्वच्छ दिसते आणि भाषा मात्र आक्रसत जाते. हे नुकसान कुठल्याच तपासणीत दिसत नाही, म्हणून ते जास्त काळजीचं.

लिखाण दुसऱ्या कुणी वाचायची वेळ आली, भित्तिपत्रकावर लावायचं ठरलं, की मग शुद्धलेखनाचा तास घ्या. तेव्हा मुलं स्वतःहून शब्दकोश मागतात. लोक वाचणार आहेत म्हटल्यावर वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होतो.

वहीत शेरा काय लिहावा? 'छान', 'उत्तम', 'अजून प्रयत्न कर' पुरेसं नाही का?

नाही. 'छान' वाचून मुलाला आपलं नेमकं काय जमलं ते कळत नाही आणि 'अजून प्रयत्न कर' वाचून कशाचा प्रयत्न करायचा ते कळत नाही.

शेरा म्हणजे वाचकाने लेखकाला लिहिलेलं छोटं पत्र असावं. कुठे हसू आलं, कुठे काळजी वाटली, कुठे गोंधळ झाला, हे ओळ दाखवून लिहा. 'आजोबा चष्मा शोधत असताना चष्मा त्यांच्या डोक्यावरच आहे हे तू मला आधी सांगितलंस आणि त्यांना नाही, त्यामुळे मी पूर्ण पान हसत होते.' हे वाचून त्या मुलीला कथनातली एक मोठी युक्ती कळते, तीही स्वतःच्याच लिखाणातून. मग एक प्रश्न विचारा. एकच. 'आजी हे बघत होती का?' पुढचा खर्डा त्या प्रश्नातून येतो.

दोष दाखवायचाच असेल तर तोही एका वेळी एकच.

गुण द्यावेत का?

शक्यतो नाही. द्यावेच लागले तर पुनर्लेखनाला द्या, कल्पनेला नको.

कवितेत यमक जुळवायला शिकवायचं का?

मुलांना यमक आवडतं आणि ते आवडावंच. पण सुरुवातीलाच यमकाची सक्ती केली की मूल म्हणायचं ते सोडून जुळेल ते म्हणतं. 'आई'ला 'घाई' जुळते म्हणून कवितेतली प्रत्येक आई घाईत असते.

अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवलं आणि १९७० साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यांनी मुलांना यमक बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्याऐवजी पुनरावृत्तीचा आधार दिला: प्रत्येक ओळ 'मला वाटतं, मी... असतो तर' अशा एकाच पद्धतीने सुरू करायची. मराठीतही हे सुरेख चालतं. 'पूर्वी मी... पण आता मी...' अशी ओळ देऊन बघा. लय आपोआप येते आणि मूल खरं बोलतं. एका शांत मुलाने लिहिलं होतं, 'पूर्वी मी अंधाराला घाबरायचो, पण आता मी अंधारात असलेल्यांना हाक मारतो.'

मुलं सिनेमातल्या, गेममधल्या गोष्टी जशाच्या तशा उतरवतात. थांबवावं का?

थांबवू नका. सगळे लेखक नकलेतूनच शिकतात. फक्त जागा बदलायला सांगा. नायकाऐवजी दारावरच्या पहारेकऱ्याने गोष्ट सांगावी. लढाई झाली, पण ती ऐकू येणाऱ्या शेजारच्या घरात काय चाललं होतं? एवढ्याने गोष्ट मुलाची होते.

सगळ्या गोष्टींत मारामारी, भुतं आणि रक्त असतं. काळजी करावी का?

बहुतेक वेळा नाही. भीती कागदावर आणून तिच्याशी खेळणं हे मुलांचं जुनं काम आहे. लेखनाच्या दृष्टीने अडचण एवढीच, की एका ओळीत वीस माणसं मरतात आणि कुणाचंच काही वाटत नाही. तेव्हा 'हिंसा नको' असं सांगण्याऐवजी वेग कमी करायला सांगा. त्या विसांपैकी एकाच्या खिशात काय होतं? त्याची घरी कोण वाट बघत होतं? एका मुलाने हे लिहिल्यावर स्वतःच त्या माणसाला वाचवलं. 'ताई, याला मारता येत नाही आता,' असं तो म्हणाला. पात्राला जीव येणं म्हणजे काय, हे त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

एखाद्या मुलाने घरातलं खरंखुरं दुःख लिहिलं तर?

तर आधी माणूस म्हणून वाचा, लेखनशिक्षक म्हणून नंतर. विशेषणं आणि परिच्छेद तपासू नका. 'हे तू मला वाचू दिलंस, बरं केलंस,' एवढं सांगा आणि ते वर्गात वाचलं जाणार नाही याची खात्री द्या. मात्र 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मुलाला कुणाकडून इजा होत असल्याची किंवा ते स्वतःला इजा करण्याची शक्यता दिसली, तर त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीशी किंवा समुपदेशकाशी बोला आणि आपण तसं करणार आहोत हे मुलालाही सांगा.

कोणतं लिखाण कोण वाचणार, हे लिहायला बसण्याआधीच स्पष्ट असावं. काहीही न दाखवण्याचा अधिकार प्रत्येक मुलाला असावा.

मुलाने एआयकडून गोष्ट लिहून आणली तर?

चौकशी समिती बसवू नका. यंत्राची गोष्ट आणि मुलाची गोष्ट यांतला फरक मुलांनाच शोधायला द्या. यंत्राने लिहिलेला एक परिच्छेद फळ्यावर घ्या आणि विचारा, यातला कोणता तपशील कुणाच्याही गोष्टीत चालला असता? तो खोडा. बरेचदा पूर्ण फळा पुसला जातो. मग प्रत्येकाने फक्त स्वतःलाच माहीत असलेला एक तपशील घालून तो परिच्छेद नव्याने लिहायचा. मोठी मुलं यात फार रमतात. बाकी लिखाण वर्गातच, हाताने, सगळ्यांनी एकत्र बसून झालं तर हा प्रश्न फारसा उरत नाही.

मी स्वतः लेखक नाही. मी हे शिकवू शकेन का?

शकाल. तुम्ही चांगले वाचक असणं आणि मुलांच्या बोलण्यात तुम्हाला खराखुरा रस असणं गरजेचं आहे. एक गोष्ट मात्र करा: मुलं लिहीत असताना तुम्हीही त्याच अटीवर लिहा, आणि वाचूनही दाखवा. त्याने वर्गातलं वातावरण लगेच बदलतं.

टॉलस्टॉय यांनी आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली होती. एकदा त्यांनी एका म्हणीवर गोष्ट लिहायला दिली आणि मुलं अडखळली म्हणून स्वतःच लिहायला बसले. मुलं भोवती जमली, सुचवू लागली, चुका काढू लागली. त्यांतल्या फेद्का नावाच्या मुलाने सुचवलेले बारीक तपशील ऐकून टॉलस्टॉय थक्क झाले. १८६२ साली त्यांनी यावर एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच विचारलं, की शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून लिहायला शिकावं, की आम्ही त्यांच्याकडून? त्यांच्या मोठ्या कादंबऱ्या अजून यायच्या होत्या, पण लेखक म्हणून त्यांचं नाव तेव्हाही झालेलं होतं. त्या माणसाला हा प्रश्न मनापासून पडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यात शिकवणाऱ्याला नेमका आनंद कशाचा मिळतो?

हा प्रश्न पालक विचारत नाहीत, सहकारी शिक्षक विचारतात, तेही वह्यांचा गठ्ठा बघून.

पहिला आनंद पुढे काय येणार हे माहीत नसण्याचा. गणिताच्या वहीत बरोबर उत्तर एकच असतं आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे पान उलटेपर्यंत काहीच ठाऊक नसतं. 'वस्तूची तक्रार' या अटीवर एका मुलीने दारावरच्या घंटेची तक्रार लिहिली होती: 'मला सगळे दाबतात, पण दार उघडतं ते दुसऱ्याच कुणासाठी.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. रोज दिसणाऱ्या घंटेविषयी मला हे कधी सुचलं नसतं.

दुसरा आनंद त्या शांततेचा. वर्ग गप्प बसवला की येते ती नव्हे. सगळे आपापल्या गोष्टीत शिरले की पेनांचा खसखस आवाज तेवढा उरतो, ती. कुणी वर बघतं ते आपल्याकडे नसतं, छताकडे असतं, शब्द शोधत. अशा वेळी वर्गात उभं राहायला मिळणं हे मला भाग्याचं वाटतं.

आणि सगळ्यांत मोठा आनंद, मुलाने स्वतःचं आवडतं वाक्य स्वतः खोडलं की होतो. घंटेची तक्रार लिहिणाऱ्या मुलीने शेवटी एक उपदेश लिहिला होता, सर्वांशी प्रेमाने वागावं वगैरे. दोन दिवसांनी ती आली आणि म्हणाली, 'ताई, शेवट काढला. घंटा असं बोलणार नाही.' मी काही सुचवलं नव्हतं. आपल्या पात्राशी प्रामाणिक राहण्यासाठी दहा वर्षांच्या मुलीने शाबासकी मिळवून देणारं वाक्य सोडून दिलं. त्या दिवशी माझ्यासमोर एक लेखिका उभी होती आणि तिची पहिली वाचक मी होते.

लाजाळू मुलांना वाचून दाखवायला लावावं का?

लावू नये. मित्राने वाचावं, किंवा शिक्षकाने नाव न सांगता वाचावं. वर्ग हसला, दाद दिली, की बरीच मुलं स्वतःच सांगतात, 'ते माझं होतं.'

मुलांच्या लिखाणाचं पुढे काय करावं? वह्यांतच राहतं.

हस्तलिखित काढा, घडीची पुस्तिका करा, भिंतीवर लावा. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात आपल्या गावच्या शाळेत छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःच्या अनुभवांवर लिहीत, त्यांतलं काय छापायचं ते वर्ग ठरवी आणि मुलंच खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत. छापलेली पानं दुसऱ्या शाळांतल्या मुलांकडे जात आणि तिकडून पत्रं येत. आज आपल्याला खिळे जुळवायची गरज नाही, पण त्यातलं मर्म तेच आहे: शिक्षक सोडून दुसरं कुणीतरी, खरंखुरं, वाचणारं असावं.

याचा अभ्यासाला उपयोग काय, असं पालक विचारतात.

नेमकं बोलता येणं, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघता येणं, आपलंच काम पुन्हा तपासता येणं, हे सगळ्याच विषयांना लागतं. एवढं सांगून मी मुलाची वही पालकांच्या हातात देते. वाचून झाल्यावर बहुतेक जण पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

आमच्याकडे आठवड्याला एकच तास आहे, तोही पस्तीस मिनिटांचा. जमेल का?

जमेल. पाच मिनिटं अट समजावून सांगायला, वीस मिनिटं लिहायला, उरलेली दहा तीन-चार जणांनी वाचून दाखवायला. कोण वाचणार ते आठवड्यागणिक बदलत ठेवा, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत ज्यांना वाचायचं आहे त्या सगळ्यांची पाळी येते. लिहिण्याच्या वेळेत सूचना देत फिरू नका, मुलांचं लक्ष उडतं. घंटा झाली आणि गोष्ट अर्धी राहिली तर ती अर्धीच राहू द्या. घरी पूर्ण करायची सक्ती नको. पुढच्या आठवड्यात वही उघडायला तेच निमित्त होतं. आणि वेळ कमी पडलाच, तर आपल्या बोलण्याची पाच मिनिटं दोनवर आणा.